मकतब सकाळी, शाळा दुपारी



उन्हाळी भुईमूग करणाऱ्या घराला टॅग-२४ या जातीची ओळख करून द्यायला नको. पण या नावातली अक्षरे काय सांगतात ते सर्वांनाच ठाऊक नसते. 'टी' म्हणजे ट्रॉम्बे, 'ए' म्हणजे अकोला आणि 'जी' म्हणजे ग्राउंडनट, अर्थात आपला भुईमूग. मुंबईच्या पूर्व उपनगरात ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या साथीने ही जात आणली आणि १९९१ पासून ती आपल्या शेतात आली.

आज मात्र मी बियाण्याविषयी लिहिणार नाही. कामानिमित्त ट्रॉम्बेला गेलो असताना त्याच केंद्राच्या शेजारच्या एका वस्तीत मी एक सकाळ काढली. तिथे जे ऐकले त्याने माझ्या डोक्यातला एक जुना गैरसमज निघाला. तो गैरसमज आपल्या बहुतेक गावांत आहे, म्हणून हा लेख.

माझ्याकडून झालेली चूक

आपल्या गावात मुसलमानांची दोन-चार घरे तरी असतातच. आपण त्यांच्या उरुसाला जातो, ते आपल्या जत्रेला येतात. पेरणीला बैल आणि अडचणीला पैसा एकमेकांना देतो. पण त्यांच्या घरातली मुलगी शाळेतून काढली की आपण एवढेच म्हणतो, "त्यांच्यात तसेच असते." आणि विषय संपवतो.

मीही तो तसाच संपवला होता. माझ्या कार्यक्षेत्रात एक मुसलमान शेतकरी आहेत. विहिरीवर दोन एकर भुईमूग करतात. ते मला साहेब म्हणतात, मी त्यांना भाई म्हणतो. पंधरा वर्षांपूर्वी त्यांची थोरली मुलगी सातवी पास झाली. गावात शाळा सातवीपर्यंतच होती, हायस्कूल सहा किलोमीटरवर. बांधावर उभे असताना त्यांनी मला विचारले, "साहेब, पोरीचं काय करावं?"

मी म्हणालो, "भाई, तुमच्या धर्मातली गोष्ट. मी काय सांगणार?" आणि भुईमुगावरच्या टिक्का रोगाविषयी बोलू लागलो.

मुलगी घरी बसली. अठराव्या वर्षी लग्न झाले. आज तिच्या मुलाचा अभ्यास घ्यायची वेळ आली की ती शेजारणीला हाक मारते. मला तेव्हा वाटले होते की मी दुसऱ्याच्या धर्माचा मान राखला. खरे पाहता मी फक्त माझे अंग काढून घेतले होते.

यंदा त्यांची धाकटी मुलगी बारावी सायन्स पास झाली. तिला बी.एस्सी. ॲग्री करायचे आहे. भाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी मी म्हणालो, "मला माहीत नाही, पण विचारून येतो." त्यांची बहीण चीता कॅम्पमध्ये राहते. तिच्यासाठी त्यांनी माझ्याजवळ शेंगांची पिशवी दिली आणि मी निघालो.

चीता कॅम्पमधली सकाळ

हार्बर मार्गावर मानखुर्दला उतरून ट्रॉम्बेकडे गेले की चीता कॅम्प लागतो. ही वस्ती आपणहून तिथे आलेली नाही. हे लोक पूर्वी अणुकेंद्राला लागून असलेल्या जनता कॉलनीत राहत होते. १९७६ साली, आणीबाणीच्या काळात, ती कॉलनी उठवली गेली आणि सुमारे सत्तर हजार लोकांना या खाडीकाठच्या दलदलीच्या जागेवर आणले. माती टाकून, भर घालून लोकांनी घरे उभी केली. वस्तीत मुसलमान बरेच आहेत. त्यांत कोणी तमिळ बोलतो, कोणी उर्दू, कोणी आपल्यासारखी मराठी.

भाईंच्या बहिणीने चहा केला. घर म्हणजे एक खोली आणि वर पोटमाळा. खाली गल्लीत मुलांच्या एकसुरी वाचण्याचा आवाज येत होता. मी विचारले, "हा मदरसा का?"

ती हसून म्हणाली, "नाही हो भाऊ, हा मकतब. बारा वाजता हीच पोरं दप्तर घेऊन शाळेत जातील."

इथे एक फरक समजून घेऊ, कारण आपण सगळ्यालाच मदरसा म्हणतो. मकतब म्हणजे रोज तासाभराचा धर्मशिक्षणाचा वर्ग. मुले लाकडी रेहलवर कायदा ठेवून अरबी अक्षरे शिकतात, पुढे कुराण वाचायला लागतात. नमाज कशी पढावी ते शिकतात. देवळात संध्याकाळी हरिपाठाला बसणाऱ्या आपल्या मुलांसारखेच ते. मदरसा वेगळा. तिथे मुले बहुधा राहून अनेक वर्षे शिकतात आणि हाफिज किंवा आलिम होऊन बाहेर पडतात. न्यायमूर्ती राजेंद्र सच्चर यांच्या समितीने २००६ साली देशभरची पाहणी मांडली, तेव्हा शाळेच्या वयाच्या मुसलमान मुलांपैकी मदरशात जाणारी मुले शंभरात तीनच्या आसपास निघाली. म्हणजे बाकीच्यांचा प्रश्न मदरशाचा नाही. तो तुमच्या-माझ्या मुलांचाच आहे, शाळा जवळ आहे का आणि ती शेवटपर्यंत पुरी होते का.

मौलवीसाहेबांचे उत्तर

वर्ग सुटल्यावर मी मौलवीसाहेबांना भेटलो. वयाने माझ्यापेक्षा लहान, बोलणे शांत. मी भाईंचा प्रश्न सरळ त्यांच्यापुढे ठेवला, "मुलीने शेतकी कॉलेजात शिकणे तुमच्या धर्माला चालते का?"

त्यांनी मला आधी एक गोष्ट विचारली, "पैगंबरसाहेबांना पहिला संदेश आला तेव्हा पहिला शब्द कोणता होता, ठाऊक आहे?" मला ठाऊक नव्हता. तो शब्द 'इक्रा', म्हणजे वाच. इसवी सन ६१० च्या सुमाराची, मक्केजवळच्या हिरा गुहेतली ही हकीकत. नमाज, रोजा, हज यांच्या आज्ञा नंतर आल्या.

मग त्यांनी दोन शब्द समजावले. फर्ज दोन प्रकारचे असते. एक फर्जे-ऐन. ते प्रत्येकाने स्वतः करायचे, जसे नमाज. कोणी दुसऱ्याच्या वतीने ते करू शकत नाही. दुसरे फर्जे-किफाया. ते गावातून काहींनी केले तरी भागते, पण कोणीच केले नाही तर सारे गाव दोषी ठरते. इमाम गझाली हे अकराव्या-बाराव्या शतकातले मोठे धर्मपंडित. त्यांनी या दुसऱ्या प्रकारात वैद्यक आणि हिशेब घातले, विणकाम घातले, आणि वाचकहो, शेतीही घातली!

मी तीस वर्षे शेतीखात्यात काढली. शेतीची विद्या न शिकणे हा गावाचा दोष आहे, असे मला कोणी धर्माच्या भाषेत सांगितले नव्हते.

मौलवीसाहेबांनी पुढे उश्र सांगितले. पिकातून गरिबांसाठी काढायचा हा वाटा. पीक पावसाच्या पाण्यावर आले असेल तर दहावा हिस्सा, आणि विहिरीचे पाणी कष्टाने, खर्चाने दिले असेल तर विसावा हिस्सा. म्हणजे चौदाशे वर्षांपूर्वी पाणी ओढणाऱ्याचा घाम हिशेबात धरला होता! तसेच वारसाहक्काचे. कुराणात मुलीचा वाटा ठरवून दिला आहे, मुलाच्या निम्मा. आई, बायको, बाप यांचेही अपूर्णांकातले वाटे आहेत. नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने बीजगणिताचा ग्रंथ लिहिला, त्याचा मोठा भाग या वाटण्यांच्या उदाहरणांचाच आहे. मौलवीसाहेब म्हणाले, "धर्म नीट पाळायलाच गणित लागते. मग गणित धर्माबाहेरचे कसे?"

दुसरी बाजूही आहे

सगळेच धर्मगुरू असे बोलतात असे मी म्हणणार नाही. मुलीने एकटीने दूर जावे का, मुलामुलींनी एका वर्गात बसावे का, पडद्याचे काय, यावर त्यांच्यात मतभेद आहेत. हे वाद जुने आहेत. १८६६ साली देवबंदचा मदरसा निघाला, तो धर्मविद्या जपण्यासाठी. १८७५ साली सर सय्यद अहमद खान यांनी अलीगढला इंग्रजी आणि शास्त्रे शिकवणारी शाळा काढली, तेव्हा त्यांच्यावर फतवे निघाले. मुंबईत बद्रुद्दीन तैयबजी आणि त्यांच्या साथीदारांनी १८७४ सालीच अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था सुरू केली होती.

आपल्या महाराष्ट्रातही वेगवेगळ्या वाटांनी माणसे चालली. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १९६६ साली तोंडी तलाकाविरुद्ध सात स्त्रियांचा मोर्चा मुंबईत काढला आणि १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. ते धर्मग्रंथाच्या आधाराशिवाय, माणुसकीच्या न्यायाने बोलत. मुंबई महापालिकेत इंजिनिअर असलेले असगर अली इंजिनिअर यांनी उलट वाट धरली. कुराणाचाच अर्थ नीट लावून स्त्रियांचे हक्क दाखवायचे. आणि मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुव्याला मदरसा काढला, पण तेवढ्यावर न थांबता पुढे जालना जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालयही उभे केले. तिघांचे एकमेकांशी पटले असते असे नाही. पण मुलांनी शिकावे यावर तिघांचे दुमत नव्हते.

अर्थ न समजता पाठ करण्याचा प्रश्नही त्यांच्यात चर्चिला गेला आहे. अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाह यांनी कुराण फार्सीत आणले, त्यांच्या मुलाने उर्दूत. आज ते मराठीतही वाचायला मिळते. आपणही संस्कृत स्तोत्रे अर्थ न कळता म्हणतोच की. घरोघरी मातीच्या चुली!

अट कोणाची?

निघताना मी मौलवीसाहेबांना म्हणालो, "मग भाईंना सांगू का, धर्माची हरकत नाही?"

ते थोडे थांबले. म्हणाले, "माझ्याकडून हरकत नाही. पण वसतिगृह मुलींचे असावे. बापाने स्वतः जाऊन पाहावे. जाण्यायेण्याची सोय सुरक्षित असावी."

वाचकहो, या तीन अटी नीट वाचा. गेल्या तीस वर्षांत मराठा, माळी, धनगर अशा कितीतरी बापांनी मला याच तीन अटी सांगितल्या आहेत. एकाच्या तोंडी त्या आल्या की आपण म्हणतो, बाप काळजी करतो. दुसऱ्याच्या तोंडी आल्या की म्हणतो, धर्म आडवा येतो. आडवा येतो तो सहा किलोमीटरचा रस्ता, फीचा पैसा आणि लोक काय म्हणतील ही भीती. या तिन्ही गोष्टी गावाच्या आहेत, एका घराच्या नाहीत.

आणि त्यांवर उपाय आहेत. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळतो. बी.एस्सी. ॲग्रीला सी.ई.टी. देऊन प्रवेश होतो. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या इतर मागासवर्गीय आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलींना व्यावसायिक पदवीची शिक्षण फी आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून माफ आहे. बागवान, पिंजारी, तांबोळी अशा अनेक मुसलमान जाती इतर मागासवर्गात येतात. पण जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत काढावा लागतो, आणि तिथेच पुष्कळ घरे मागे राहतात. ज्याला तहसील कचेरीची वाट ठाऊक आहे त्याने शेजाऱ्याला बरोबर न्यावे. एवढे आपल्या हातात आहे.

परत आल्यावर

मी गावी येऊन भाईंना सारे सांगितले. गझालींचे सांगितले, उश्रचे सांगितले. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "विहिरीच्या पिकाला विसावा, म्हणालात ना? यंदा बारा क्विंटल शेंग झाली."

मी खिशातला पेन काढेपर्यंत दाराआडून धाकटी म्हणाली, "साठ किलो, अब्बा."

भाई माझ्याकडे पाहून हसले. थोरली माहेरी आलेली होती. ती चुलीपाशी बसली होती, तिथूनच म्हणाली, "अब्बा, हिला जाऊ द्या. माझ्या वेळी विचारायचं राहून गेलं."

त्यावर मला काही बोलता आले नाही. पुढच्या सोमवारी आम्ही दोघे मुलींचे वसतिगृह पाहायला जाणार आहोत.

तुमच्या शेजारचा बाप उद्या बांधावर तुम्हाला हाच प्रश्न विचारील. तेव्हा 'तुमच्यातली गोष्ट' म्हणून टिक्का रोगाकडे वळू नका. माहीत नसेल तर विचारून या.