पुसण्याची आज्ञा व तिचा लोप

वरळीतील एखाद्या कचेरीत कोणी परवलीचा शब्द संगणकास दिला, असे समजू. पडताळणी होताच स्मृतीतील त्या जागी शून्ये भरावीत, अशी आज्ञा सी भाषेतील आज्ञावलीत लिहिलेली असते. परंतु तिचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर पाहतो की, ती जागा पुढे वाचली जातच नाही. सबब ती आज्ञा निरर्थक मानून तो गाळतो. लिहिणारा निश्चिंत असतो आणि गुपित मात्र स्मृतीत तसेच राहते.

यात नियमभंग नाही. कार्यक्रमाचे बाह्यतः दिसणारे वर्तन न बदलणे एवढेच कंपायलरवर बंधन आहे. गुप्ततेची गणना त्या वर्तनात होत नाही. पाणिनीच्या व्याकरणात प्रत्ययाचा लोप झाला तरी सामान्यतः त्याचे कार्य उरते; येथे आज्ञेबरोबर कार्यही लोपते.

म्हणून हेतू भाषेतच स्पष्ट बोलावा लागतो. ओपनबीएसडी प्रणालीने २०१४ साली ‘एक्सप्लिसिट-बीझीरो’ ही न गाळता येणारी आज्ञा दिली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या सी भाषेच्या प्रमाणकात ‘मेमसेट-एक्सप्लिसिट’ आली. तथापि कंपायलरने अन्यत्र करून ठेवलेल्या प्रती याही आज्ञा पुसत नाहीत, हे विसरता कामा नये.