एचआरडीची डिग्री घ्यायची, की आधी हाताखालचा माणूस घडवायचा?

"धंदा वाढवायचाय, माणसं टिकत नाहीत, मग एचआरडीमध्ये मास्टर्स करू का?" हा प्रश्न तुमच्याही मनात येत असेल, तर आधी तिथे काय शिकवतात ते बघा.

एचआर म्हणजे फक्त हजेरी, रजा आणि पगार नव्हे. उदय पारीक आणि टी. व्ही. राव या आयआयएम अहमदाबादच्या प्राध्यापकांनी लार्सन अँड टुब्रोला सांगितलं की माणसाचा विकास हे वेगळं काम आहे. १९७५ च्या सुमारास तिथे स्वतंत्र एचआरडी विभाग सुरू झाला.

मुंबईची टिस, जमशेदपूरची एक्सएलआरआय अशा संस्थांत एचआरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. मोठ्या कंपनीत नोकरी किंवा स्वतःची एचआर सल्लागार फर्म काढायची असेल, तर जरूर करा.

पण चार-पाच माणसांचं युनिट असेल, तर या विषयातली एक गोष्ट आजच उचला. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या: शिकणाऱ्याला ते पटलं का? तो शिकला का? रोजच्या कामात वापरतोय का? धंद्याला फायदा झाला का?

समजा, नव्या मुलाला पॅकिंग शिकवलंत. त्याला जमलंही. पण महिन्याभराने परत येणारी पाकिटं कमी झाली का? बहुतेक मालक दुसऱ्या पायरीवरच थांबतात आणि मग म्हणतात, "पोरगं कामाचं नाही!"

वही काढा, प्रत्येक माणसापुढे ही चार उत्तरं लिहा. डिग्रीचा निर्णय त्यानंतर घ्या.