नागपूर ते मुंबई : अंतर किलोमीटरचे आणि तासांचे

नागपूर आणि मुंबई या विमानतळांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे ६८५ किलोमीटर आहे. नागपूरजवळील शिवमडका ते भिवंडीजवळील आमणे हा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. ५ जून २०२५ रोजी त्याचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला. तेव्हापासून, मुलांकडे मुंबईला जायचे तर विमानाने की मोटारीने, हा प्रश्न ज्येष्ठांच्या घरी नव्याने विचारला जातो. किलोमीटर जवळपास सारखेच. शरीराच्या हिशेबात मात्र एका जागी बसून काढलेले तास महत्त्वाचे ठरतात.

विमान दीड तासात पोहोचते. घर ते विमानतळ, तपासणी, प्रतीक्षा आणि मुंबईतील वाहतूक धरली, तर पाच-सहा तास सहज जातात. मोटारीचे आठ तास मानले जातात; त्यात विश्रांतीचे थांबे मिळवावेत.

सलग चार तासांहून अधिक बसून प्रवास केल्यास पायांच्या खोल नीलांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये नमूद केले. वाहन विमान असो, रेल्वे असो वा मोटार, हा नियम सर्वांना लागू आहे. निरोगी माणसात हा धोका मुळात अल्प असतो. वाढते वय, स्थूलपणा, कर्करोग, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा पूर्वी झालेली गुठळी यांमुळे तो वाढतो.

म्हणून मोटारीने निघालात, तर दर दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चाला. बसल्या जागी घोटे फिरवा, टाचा उचला. वारंवार लघवीला उतरावे लागेल या संकोचाने अनेक ज्येष्ठ प्रवासात पाणीच पीत नाहीत. विदर्भाच्या उन्हाळ्यात ही काटकसर महागात पडते : रक्तदाब उतरतो, तोल जातो, मूत्रपिंडावर ताण येतो. थोडे थोडे पाणी पीत राहा. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर ती पाळा. लघवी वाढवणारी गोळी परस्पर बंद करू नका. तिची वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा.

विमानाचा प्रश्न वेगळा आहे. केबिनमधील हवेचा दाब साधारणपणे १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका असू शकतो. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटरचे आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे त्याचा अर्थ उमगतो. चालताना धाप लागणारे, तीव्र रक्तक्षय असलेले, फुप्फुसाचे जुनाट रुग्ण, तसेच नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, यांनी तिकीट काढण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा. चाकाच्या खुर्चीची मागणी तिकिटासोबतच नोंदवावी.

काळजीवाहूंनी औषधे, इन्सुलिन, औषधांची चिठ्ठी आणि थोडा खाऊ हातातील पिशवीतच ठेवावा. प्रवासात झोपेची गोळी देऊ नये. गुठळी टाळण्यासाठी ॲस्पिरिनही स्वतःहून सुरू करू नये.

प्रवासानंतरच्या काही आठवड्यांत एकाच पायाला सूज आली किंवा पोटरी दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक धाप लागली वा छातीत दुखले, तर १०८ वर दूरध्वनी करा. प्रवासाचा थकवा समजून वाट पाहू नका.