न मेलेला संदेष्टा

इसवीसनापूर्वीच्या नवव्या शतकात इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्यावर अहाब राज्य करत होता. त्याची राणी ईजबेल ही सीदोनच्या राजाची मुलगी. बआल या पाऊस देणाऱ्या देवाच्या पूजेला तिच्यामुळे राजाश्रय मिळाला. अशा वेळी गिलाद भागातला एलीया राजासमोर उभा राहिला आणि म्हणाला, मी सांगेपर्यंत पाऊसच काय, दवही पडणार नाही. त्याचे आईवडील कोण, तो आधी काय करत असे, याविषयी बायबलात अवाक्षर नाही. पर्जन्यदेवाला पावसावरूनच दिलेलं आव्हान मात्र त्या काळच्या श्रोत्यांना नेमकं झोंबलं असणार.

दुष्काळात एका ओहळाकाठी कावळे त्याला भाकरी आणि मांस आणून देत, अशी कथा आहे. तो ओहळ आटल्यावर त्याला आसरा दिला तो सारफथच्या एका विधवेनं. हे गाव सीदोनच्या मुलखातलं, म्हणजे थेट राणीच्या माहेरचं!

कर्मेल डोंगरावरचा सामना सर्वांत प्रसिद्ध. एका बाजूला बआलचे 450 संदेष्टे, दुसरीकडे एकटा एलीया. ज्याच्या वेदीवर आकाशातून अग्नी उतरेल त्याचा देव खरा. बआलचे संदेष्टे सकाळपासून ओरडत राहिले आणि एलीया त्यांची टर उडवत राहिला: तुमचा देव झोपला असेल, प्रवासाला गेला असेल. मग त्यानं आपल्या वेदीवर पाणी ओतायला लावलं, तरीही अग्नी पेटला. पुढे त्या संदेष्ट्यांची कत्तल होते. तिथे आजचा वाचक अडखळतो, आणि अडखळायलाच हवं.

एवढ्या विजयानंतर हा माणूस राणीच्या एका धमकीनं खचला. वाळवंटात एका झुडपाखाली बसून त्यानं मरण मागितलं. तिथून चाळीस दिवस चालत तो होरेब पर्वतावर पोचला. सोसाट्याचा वारा सुटला, भूकंप झाला, आग भडकली. देव यांपैकी कशातच नव्हता. त्यानंतर आला एक अगदी हलका आवाज. त्या आवाजानं त्याची समजूत घातली नाही, नवी कामं सोपवली. त्यांतलं एक होतं अलीशाला आपला वारस नेमण्याचं.

पण संदेष्टा म्हणजे कोण, हे सर्वांत स्पष्ट दिसतं ते नाबोथाच्या प्रकरणात. इज्रेलमध्ये राजवाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाला तिथे भाजीपाला लावायचा होता. बदल्यात दुसरा मळा किंवा पैसे द्यायला तो तयार होता. वडिलोपार्जित जमीन द्यायची नाही, म्हणून नाबोथानं नकार दिला. राजा रुसून तोंड फिरवून पडला. राणीनं दोन खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथाला दगडांनी ठेचून मारवलं. राजा ताबा घ्यायला मळ्यात उतरला, तर समोर एलीया: खून करून वर जमीनही लाटलीस? भविष्य सांगण्यापेक्षा सत्तेला तोंडावर गुन्हेगार म्हणणं हेच हिब्रू संदेष्ट्यांचं खरं काम होतं.

एलीयाच्या कथेत मृत्यू नाही. अग्निरथ येतो आणि वावटळ त्याला स्वर्गात नेते. मेला नाही तो परतू शकतो, म्हणून मलाखीच्या ग्रंथात त्याच्या पुनरागमनाचं वचन आलं. ज्यू घरांत वल्हांडणाच्या रात्री त्याच्यासाठी प्याला भरतात, सुंतेच्या वेळी खुर्ची ठेवतात. राजांना धारेवर धरणारा हा तापट माणूस लोकांच्या आठवणीत घरचा पाहुणा झाला.

कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजात तर ‘एलियाहू हन्नाबी’, म्हणजे संदेष्टा एलीया, नवसाला पावतो. स्वर्गात जाताना त्याचा रथ अलिबागजवळच्या खंडाळे गावी टेकला, अशी त्यांची श्रद्धा. खडकावरच्या खुणा दाखवून ते भाविकांना सांगितलंही जातं. नवस फेडताना किंवा लग्नाच्या निमित्तानं मलिदा होतो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं आणि साखर किंवा गूळ, सोबत फळं, आणि त्यावर एलियाहूच्या नावानं हिब्रू प्रार्थना. या समाजातले बहुतेक लोक आता इस्राएलमध्ये स्थायिक झाले आहेत. मलिद्याचं ताट तिथेही मांडलं जातं.