पोच जपून ठेवा

1972 साली मोठा दुष्काळ पडला. तेव्हा खडी फोडून किती घरे जगली, ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. पुढे 1977 साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. मागेल त्याला काम! 2005 साली साऱ्या देशासाठी तसा कायदा झाला. पंधरा दिवसांत काम दिले नाही, तर सरकारने बेकारी भत्ता द्यावा, असे त्यात ठरले. पहिले तीस दिवस मजुरीच्या निदान पाव हिस्सा, पुढे निदान निम्मा. 2025 च्या नव्या कायद्यातही पंधरा दिवसांची मुदत राहिली.

पण हे दिवस मोजायचे कुठून? अर्जाच्या तारखेपासून. ग्रामसेवकाला वाटेत गाठून 'काम द्या हो' म्हटले, तर त्याचा पुरावा राहत नाही. म्हणून अर्ज लिहून द्यावा. कुणी म्हणेल, "पोच उद्या न्या." आपण म्हणावे, "थांबतो साहेब, आजच द्या." पोच मिळाली की वाचा. आता आपल्याला वाचता येते ना? नाव आपले आहे का, तारीख आजची आहे का, बघा.

काम मिळाले नाही, तर भत्त्यासाठी अर्ज द्या. त्याचीही पोच घ्या. पैसे लगेच येत नाहीत, हे आम्ही लपवत नाही. घरात दाणा नसला की धीर सुटतो. एकट्याने खेटे घालून माणूस लवकर थकतो. चौघांनी मिळून जावे. ग्रामसभेत विषय काढावा, आणि तो नोंदवहीत लिहायला लावावा.

तोवर पोच पत्र्याच्या पेटीत ठेवा. पावसात भिजली, तर अक्षरे जातात.