पदरची रक्कम आणि मुदतीआधीची फेड

आमच्या युनियनच्या कचेरीत पगारवाढीचे जितके प्रश्न येतात, जवळजवळ तितकेच हल्ली घरकर्जाचे येऊ लागले आहेत. कुपवाडच्या वसाहतीतला कामगार घ्या की साताऱ्याच्या एमआयडीसीतला. बापाचा जन्म भाड्याच्या खोलीत गेला, घर घेणारा हा घराण्यातला पहिलाच. घरात विचारावे असे कोणी नसते, म्हणून विकणारा सांगेल ते खरे वाटते.

तो सांगतो, "दहा टक्के भरा, बाकी बँक देईल." हे अर्धेच खरे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत देऊ शकते. त्यापुढे 75 लाखांपर्यंत 80 टक्के. देऊ शकते, दिलेच पाहिजे असे नाही. पगार पाहून ती हात आखडता घेते. शिवाय दहा लाखांवरच्या घराला मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरीत नाहीत. 25 लाखांच्या फ्लॅटला दहा टक्के म्हणजे अडीच लाख. त्यावर सांगलीच्या महापालिका हद्दीत मुद्रांक साधारण सहा टक्के, म्हणजे दीड लाख. नोंदणीचे 25 हजार. पदरचे सव्वाचार लाख झाले, वकील आणि वीजमीटर अजून बाकीच! खरेदी केवळ स्त्रीच्या नावे असेल तर मुद्रांकात एक टक्क्याची सवलत मिळते, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. आणि करारनामा नोंदविण्याआधी बिल्डरने दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ नये, असे 2016 च्या रेरा कायद्याचे कलम 13 सांगते.

कमी पडणारी रक्कम आमचा माणूस पगारदारांच्या पतसंस्थेतून उचलतो. तिचा हप्ता पगारातूनच कापला जातो. हातात उरते त्यातून बँकेचा हप्ता. ओव्हरटाइम बंद झाला की दोन्ही हप्ते गळ्याशी येतात. आमच्या एका सभासदाने अशा वेळी घर घेतल्यापासून दीड वर्षात ते विकले. त्यापेक्षा दोन वर्षे थांबून रक्कम साठवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. भाडे फुकट जाते म्हणणाऱ्यांनी व्याजाचाही हिशेब मांडावा.

तो असा. वीस लाख, नऊ टक्के, वीस वर्षे: हप्ता सुमारे 18 हजार. पहिल्या महिन्यात त्यातले 15 हजार व्याजाचे, मुद्दल फिटते जेमतेम तीन हजार. म्हणूनच सुरुवातीच्या काळातली फेड मोलाची. वर्षअखेर बोनस व साठवणीतून एक लाख भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे सुमारे 27 हप्ते गळून पडतात.

इथे दंडाचा प्रश्न येतो. व्याजदर बदलता असेल, ज्याला बँकेत फ्लोटिंग म्हणतात, तर व्यक्तीच्या घरकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड बँकांना घेता येत नाही. हा नियम 2012 पासूनचा. 1 जानेवारी 2026 पासून मंजूर वा नूतनीकरण झालेल्या अशा कर्जांना रिझर्व्ह बँकेचे 2025 चे निर्देश लागू आहेत. ते सहकारी बँका आणि वित्तकंपन्यांनाही बांधतात. पैसा कोठून आणला हे विचारायचे नाही, अमुक वर्षे थांबा असेही म्हणायचे नाही. दर स्थिर असेल तर मात्र दंड असू शकतो. दोन टक्के धरा: एक लाखाला दोन हजार, ते सोसून भरणेही फायद्याचे, पण 18 लाख एकदम दुसऱ्या बँकेत नेताना 36 हजार जातात.

सही करण्याआधी बँकेने मुख्य तथ्यांचे विवरणपत्र दिलेच पाहिजे. दंडाचा आकडा त्यात पाहावा. 1879 चा दख्खन शेतकरी कायदा सातारा जिल्ह्याला लागू झाला, तेव्हा आजच्या सांगलीतले वाळवे, तासगाव त्याच जिल्ह्यात होते. सावकाराच्या कागदामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार त्याने कोर्टाला दिला. आज कागद आपल्या हाती आधीच येतो, तरी वाचला जात नाही.

पतसंस्थांना मात्र रिझर्व्ह बँकेचे हे निर्देश लागू नाहीत. तेथे पोटनियम मागून पाहावेत, आणि सभासद म्हणून वार्षिक सभेत दंडाचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घालण्यासाठी वेळेत लेखी अर्ज द्यावा.