2020 साली ताप कुठे गेला?

राष्ट्रीय कीटकजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमाचा तक्ता नुसता वाचला, तर 2020 साली देशातला डेंग्यू आटोक्यात आला असं वाटतं. 2019 मध्ये 1,57,315 रुग्ण, 2020 मध्ये 44,585. आणि लगेच 2021 मध्ये 1,93,245!

पण हे आकडे नोंद कशी होते, यावर ठरतात. डासांमुळेच होणाऱ्या हिवतापाचं घ्या. त्याची बरीच नोंद होते ती दारात. आरोग्य सेवक घरोघरी ताप विचारतो, बोटाला टोचून काचपट्टीवर रक्त घेतो, पट्टी तपासणीला जाते. 2020 मध्ये हेच सेवक आणि आशाताई ऑक्सिमीटर घेऊन कोरोनाचे रुग्ण शोधत हिंडत होते. देशात तपासलेले रक्तनमुने साडेतेरा कोटींच्या आसपास होते, ते दहा कोटींच्याही खाली आले. हिवतापाचे रुग्ण मात्र त्याहून वेगाने, साडेतीन लाखांच्या आतून पावणेदोन-दोन लाखांवर उतरले. म्हणजे सगळी घट कमी तपासणीच्या खात्यात टाकता येत नाही. डेंग्यूचंही तसंच. शाळा बंद होत्या, माणसांची ये-जा थांबली होती, त्यामुळे संसर्ग काही ठिकाणी खरोखर कमी झाला असावा. पण ताप सांगितला तर उचलून विलगीकरणात नेतील, या धास्तीने किती जणांनी तो अंगावर काढला, याची नोंद कुठेच नाही. मला वाटतं, 2020 च्या रुग्णसंख्येशेजारी तपासलेल्या नमुन्यांचा आकडा छापल्याशिवाय ती वापरूच नये.

त्याच वर्षी सिंगापूरमध्ये डेंग्यूचे 35,000 हून अधिक रुग्ण नोंदले गेले, तिथला तोवरचा उच्चांक. लोक घरात होते आणि दिवसा चावणारा एडिस डासही घरातच होता. ताप कोरोनाचा की डेंग्यूचा, हा घोळ तिथेही झाला. डेंग्यूची झटपट चाचणी पॉझिटिव्ह आलेले दोन रुग्ण प्रत्यक्षात कोरोनाचे निघाले.

आपल्याकडचं बेलसर गाव मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. जुलै 2021, पुरंदर तालुका. गावात तापाचे रुग्ण वाढले. सगळीकडे कोरोनाचाच विचार चालू असताना इथले नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे गेले आणि त्यांत चिकुनगुन्या सापडला. मग संस्थेचं पथक स्वतः बेलसर-परिंचे भागात पोहोचलं, आणखी रक्त घेतलं. त्यात चिकुनगुन्याचे बरेच, डेंग्यूचे थोडे रुग्ण निघाले. आणि पन्नाशीच्या एका बाईंच्या नमुन्यात डासांमुळेच पसरणारा झिका, महाराष्ट्रातला पहिला.